डिशला घरचा वास

पेशीशास्त्रात डॉक्टर व्हायला काय काय करावं लागतं, हे अख्ख्या शहरात दोनच माणसांना तोंडपाठ होतं. एक विद्यापीठाच्या ऑफिसातला कारकून आणि दुसरे धाकटीचे बाबा. कारकुनाचं ते कामच होतं. बाबांची बेकरी होती.

गिऱ्हाईक पाव घ्यायला आलं, की पाव कागदात गुंडाळता गुंडाळता बाबा सुरू व्हायचे. "आमची धाकटी डॉक्टर होतेय. पेशींची. आधी वर्गात बसून विषय पास व्हावे लागतात. ते झालं. मग पात्रता परीक्षा. पाच जण समोर बसतात आणि आपल्याला काय येत नाही तेवढंच विचारतात. तेही झालं. मग कॉलेजच्या पोरांना शिकवायचं. मग एक पेपर छापून आणायचा, त्यात आपलं नाव पहिलं पाहिजे, दुसरं चालत नाही. मग प्रबंध, आणि मग सगळ्यांच्या देखत व्हायवा."

"लग्नातसुद्धा इतकं विचारत नाहीत हो," गिऱ्हाईक म्हणायचं.

"लग्न एकदा होतं. इथं दर सहा महिन्यांनी कमिटी बसते."

डॉक्टर हा शब्द ऐकला की माणूस आपला गुडघा पुढे करतो, हा निसर्गनियम आहे. समोरचा शिंपी दर आठवड्याला करायचा. बाबा त्याची समजूत घालायचे, "तुमचा गुडघा एका पेशीचा असता तर तिनं आत्ता बघितला असता. हा फार मोठा पडतो तिला."

धाकटीचं काम तसं गुडघ्यापासून फार लांबचं नव्हतंच. ती जखमा करायची. काचेसारख्या पारदर्शक डिशमध्ये पेशींचा एकसंध थर वाढवायचा, त्यावरून बारीक टोकानं एक सरळ ओरखडा ओढायचा आणि मग दोन्ही काठांवरच्या पेशी सरपटत सरपटत येऊन मधली फट कशी भरून काढतात ते मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. तिच्या काही पेशींमधून तिनं एक प्रथिन काढून टाकलं होतं. त्या पेशी चालायच्या भरपूर, पण पोचायच्या कुठेच नाहीत. दादाला तिनं हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपले काका." दादा तिचा मोठा भाऊ. बेकरीची गाडी चालवायचा आणि विज्ञान असं पटकन पचवायचा.

बेकरी खाली होती आणि घर वर. त्यामुळे धाकटीला सकाळ-संध्याकाळ अंघोळ होती. सकाळी निघताना ती स्वतः करायची, बेकरीतलं यीस्ट पेशींपर्यंत जाऊ नये म्हणून. संध्याकाळी आई करायला लावायची, पेशी पिठात पडू नयेत म्हणून. "त्या तुझ्या डिशमधलं कायबाय पावात गेलं आणि कोणाच्या पोटात वाढायला लागलं तर?" आई म्हणायची. धाकटीनं असं होत नसतं हे आधी शास्त्रानं आणि मग शपथेवर सांगून पाहिलं, शेवटी टॉवेल उचलला. इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी धुतलेली मुलगी त्या शहरात दुसरी नसेल. तिच्या डिशमध्ये इतक्या वर्षांत एकदाही काही शिरलं नव्हतं.

पेपर छापून आला, त्यात तिचं नाव पहिलं होतं, आणि बाबांनी आनंदाच्या भरात लॅबमध्ये एक भलीमोठी टोपली पाठवली. टोपलीवर बेकरीच्या नावाचा कागद आणि आत गरम पाव. लॅबनं ती दुपारच्या आत संपवली. धाकटीच्या गाईड मॅडमनी एक तुकडा घेतला, उभ्या उभ्याच खाल्ला, चष्म्याची साखळी सावरत टोपलीकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता आपल्या खोलीत गेल्या. मॅडम तशा कमी बोलायच्या. कुठलंही दार उघडण्याआधी त्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची त्यांना सवय होती. दार स्वतःच्या खोलीचं असलं तरी, आणि इनक्युबेटरचं असलं तरी. आत पेशी आहेत, अगदीच सांगितल्याशिवाय कसं जायचं, असं काहीतरी असावं. रोज सकाळी कोणी यायच्या आत सगळ्यांच्या डिश एकदा डोळ्यांखालून घालायच्या, हा त्यांचा शिरस्ता. गुरूची नजर पडली की पेशी नीट वागतात, असं त्या म्हणायच्या, आणि त्या विनोद करत नसत.

त्यानंतर कमिटी बसली. कमिटीत एक सर होते, त्यांना सगळे मागून 'पुन्हाएकदा' म्हणायचे, कारण समोरून म्हणायची गरज नव्हती, ते स्वतःच म्हणायचे. कोणीही कितीही सुंदर आलेख दाखवला तरी सर खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "छान. पुन्हा एकदा करा."

धाकटीनं जखमेचा शेवटचा प्रयोग दोनदा केला होता. दोन्ही वेळा तेच आलं होतं.

"एकदा दिसतं तो भास," सर म्हणाले. "दोनदा दिसतं तो हट्ट. तिसऱ्यांदा, पहिल्यापासून, वेगळ्या दिवशी, ताज्या पेशी काढून. मग मी सही करतो."

हे एवढंच राहिलं होतं. सत्र संपायच्या आत तिसरी वेळ झाली, की प्रबंध आणि व्हायवा. नाही झाली, तर मुदत संपते, नाव नव्यानं नोंदवायचं, कमिटी नव्यानं बसवायची, आणि नवी कमिटी म्हणजे पुन्हा पात्रतेपासून विचारपूस. बाबांनी त्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगितलं, "झालंच आता. भट्टीतून काढायचं राहिलंय फक्त."

धाकटीनं गोठवून ठेवलेल्या पेशींची एक कुपी काढली, ऊब दिली, डिशमध्ये वाढवायला ठेवली. चार दिवसांनी सकाळी इनक्युबेटर उघडला, तर डिशमधलं पेशींच्या खाण्याचं गुलाबी पाणी गढूळ आणि पिवळट झालेलं. मायक्रोस्कोपखाली बघायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं झाकण उचललं आणि तिच्या नाकाला जे कळलं ते कळून ती तशीच उभी राहिली.

डिशला घरचा वास येत होता.

पहाटे बाबा पिठावरचं ओलं फडकं बाजूला करतात तेव्हा जिन्यातून वर येतो, तोच. नंतर तिनं नियमानं मायक्रोस्कोपखाली पाहिलं. गोलगोल, चकचकीत, एकाला एक चिकटून रांगेनं बसलेलं यीस्ट. लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं. आपलेच नातेवाईक न सांगता आले आहेत आणि सगळं खाऊन बसले आहेत, असं तिला वाटलं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बघितलं.

"तुझ्या घरी काय करतात गं?"

"पाव, मॅडम."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. पेशी तर नाहीच, त्या मेल्या होत्या.

"मी अंघोळ करून येते," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं घरूनच येते. तेव्हा कधी झालं नाही."

"तेव्हा झालं नाही, आता झालं," मॅडम म्हणाल्या. "यीस्ट काय तुला विचारून येणार आहे? तिसरी वेळ होईपर्यंत घरी जायचं नाही. होस्टेलवर राहा. आणि पाव बंद."

घरी ही बातमी फोनवरूनच सांगावी लागली. आई आधी रडली, मग तिनं धाकटीचे सगळे कपडे उकळत्या पाण्यातून काढले आणि दादाच्या हाती पाठवले. त्यातला लोकरी स्वेटर आता धाकटीच्या मनगटाएवढ्या कोणाला तरी झाला असता. बाबा मात्र दुखावले. मुलीला घराबाहेर काढलं याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठा घाव वेगळा होता.

"आपलं यीस्ट असलं करणारं नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं सांभाळलंय. कोणाच्या अध्यात ना मध्यात. फोटो पाठव."

तिनं फोटो पाठवला. बाबांनी तो बराच वेळ बघितला असावा.

"आपलं नाही हे," ते म्हणाले. "हे लोचट दिसतंय. आपलं टुमदार असतं. त्या चौकातल्या बेकरीचं असेल, त्यांच्याकडे वळण नाही."

"बाबा, यीस्टच्या तोंडावरून बेकरी कळत नाही."

"तुला तुझ्या पेशी ओळखू येतात, मग मला माझं यीस्ट ओळखू येणार नाही?"

तिला तिच्या पेशी ओळखू यायच्या, म्हणून तिनं विषय बदलला.

मग होस्टेलचे दिवस सुरू झाले. रविवारी घरचे भेटायला यायचे, पण नियम म्हणून रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे. अलीकडे धाकटी, पलीकडे आई-बाबा, मधून रहदारी. बाबा ओरडून विचारायचे, "जेवतेस ना वेळे—" आणि मधून बस जायची. बस गेल्यावर त्यांचं तोंड मिटलेलं असायचं आणि चेहरा उत्तराची वाट बघत असायचा. धाकटी अंदाजानं मान हलवायची. एकदा तिनं अशीच मान हलवली आणि आई रडायलाच लागली. काय विचारलं होतं ते कधी कळलं नाही.

दुपारी भट्टी विसावली की बाबांचा फोन यायचा. यीस्ट फोनमधून येत नाही, हे मॅडमनी तपासून मान्य केलं होतं.

"एक बाई यायला लागल्यात हल्ली पहाटे," बाबांनी एकदा सांगितलं. "आधी पाव घ्यायला यायच्या. पाव उलटा करायचा, बुडावर टकटक करायची, मग पिशवीत घालायचा. म्हटलं, ही जाणकार बाई आहे. मग एक दिवस म्हणाल्या, मास्तर, मला शिकवाल का?"

"मास्तर?"

"मला मास्तर म्हणतात," बाबा म्हणाले. आवाज सहज ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण तो फुगलाच. "कुठंतरी शिकवतात म्हणे. पण मन नाही त्यांचं नोकरीत, मला कळतं. पिठात हात घातला की चेहरा बदलतो. तुझ्या आईचा जुना एप्रन दिलाय."

"कसं काय मळतात?"

"मळतात ठीक. घाई फार. परवा पाव जमला तर नाचायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, बाई, एकदा जमतो तो पाव नव्हे, तो पाहुणा. तीनदा जमला पाहिजे, वेगवेगळ्या दिवशी, वेगळं पीठ मळून."

"बाबा, तुम्ही आमच्या पुन्हाएकदा सरांना भेटलात का?"

"कोण ते?"

"काही नाही."

दुसरी कुपी काढली. तिच्यातही आलं. धाकटीनं इनक्युबेटर आतून-बाहेरून पुसला, त्याचे पत्रे काढून उकळले, केस इतके धुतले की होस्टेलच्या मोरीचा आवाज बदलला. होस्टेलच्या मेसमध्ये पाव आला की ती ताट घेऊन टेबल बदलायची. ब्रेडच्या जाहिरातीसमोरून जाताना श्वास धरायची. याला शास्त्राधार नव्हता, पण शास्त्राचे आधार तोवर संपले होते. तिसरी कुपी काढली. पुन्हा गढूळ पाणी, पुन्हा नातेवाईक, पुन्हा तोच वास. तिनं डिश फेकण्याआधी, कोणी बघत नाही असं पाहून, झाकण थोडं उचलून एक दीर्घ श्वास घेतला आणि मग झाकण लावून डिश ब्लीचमध्ये बुडवली. हे तिनं कमिटीला कधी सांगितलं नाही.

त्या प्रथिन काढलेल्या पेशींची आता शेवटची कुपी राहिली होती. पुन्हा नव्यानं तशा पेशी बनवायच्या तर वर्ष गेलं असतं, आणि सत्र तर महिन्याच्या आत संपत होतं.

ज्या दिवशी ती शेवटची कुपी काढायची होती त्या पहाटे धाकटीला झोप लागेना. तिनं स्वतःला समजावलं, की आपण घरी जाणार नाही, फक्त घराच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहणार आहोत. धुराड्यातून धूर निघताना बघायचा आणि मागे फिरायचं. मग अंघोळ, मग अजून एक अंघोळ.

रस्ता रिकामा होता. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर ती उभी राहिली. बेकरीचं शटर अर्धं वर होतं आणि खिडकीतून पिवळा उजेड बाहेर पडत होता. आत बाबा होते, कंबरेवर हात ठेवून. त्यांच्यासमोर टेबलाशी ती बाई होती. आईचा निळा एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर, कोपरापर्यंत पीठ. बाबा काहीतरी बोलत होते आणि बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग बाबांनी एक चपटा पाव उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, जसा कमिटीत चुकलेला आलेख धरतात. बाईंनी चष्मा वर सरकवला. चष्म्याला साखळी होती. बाईंनी तो पाव हातात घेतला, उलटा केला, आणि बोटाच्या पेरानं त्याच्या बुडावर दोनदा टकटक केली.

धाकटी शिंप्याच्या पायरीवर खाली बसली.

पहिल्यांदा तिला राग आला. मग रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं आणि राग त्याच्याखाली दबून गेला. कारण मॅडम हसल्या होत्या. सहा वर्षांत तिनं मॅडमना हसताना पाहिलं नव्हतं. बाबा रागावून रागावून दमले होते, त्यांनी स्वतःच्या हातांनी मॅडमचे हात पिठात नीट ठेवले, असं दाब, तसं दाब, आणि मॅडम हसल्या.

लॅबमध्ये ती त्यांच्या आधी पोचली. दोन अंघोळी उरकून पेशी वाढवायच्या खोलीच्या, म्हणजे कल्चर रूमच्या, दाराशी स्टूल टाकून बसली. मॅडम आल्या, स्वच्छ धुतलेल्या, कोटाची सगळी बटणं लावलेल्या, नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे सगळ्या डिशवर नजर टाकायला. साखळीच्या एका कडीत पांढरं काहीतरी अडकलं होतं.

"मॅडम," धाकटी उठून उभी राहिली, "घरी काय करतात?"

"कोणाच्या?"

"तुमच्या."

"माझ्या घरी कोण आहे करायला? मी आणि कुंड्या."

"मग पहाटे कुठे असता?"

मॅडमनी दारावर टकटक करायला उचललेला हात खाली घेतला. मग त्यांनी स्टुलाकडे पाहिलं आणि त्यावर बसल्या. धाकटी उभी आणि मॅडम बसलेल्या, हे त्या लॅबनं पहिल्यांदाच पाहिलं.

"भाजलेल्या पावात यीस्ट मेलेलं असतं," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"आणि मळलेल्या पिठात?"

मॅडमनी साखळीची कडी नखानं खरवडली. बोटावर पीठ आलं. त्या त्याकडे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस स्वतःच्या चुकीकडे बघतो तशा, फार कुतूहलानं बघत राहिल्या.

"मी हात धुते. कोट बदलते. चेहरासुद्धा," त्या म्हणाल्या. "साखळी... साखळीचा विचारच केला नाही. बाकीच्यांच्या डिश बाहेरूनच बघते, तुझी तिसरी वेळ म्हणून तुझ्याच डिशवर रोज वाकून बघते मी. झाकण उचलून." त्या थांबल्या. "आणि तुला घराबाहेर काढलं."

"हो."

"माझा खरंच विश्वास होता की तूच आणतेस."

"माझासुद्धा," धाकटी म्हणाली.

"त्या टोपलीतला तुकडा खाल्ला आणि वाटलं, हा होतो कसा ते बघू. मग बघता बघता... अगं, सकाळी मळलं की त्याच सकाळी कळतं, चुकलं की बरोबर. आपल्याकडे चुकलं हे कळायला तीन वर्षं लागतात आणि बरोबर आहे हे तर कोणी सांगतच नाही. तुझे बाबा लगेच सांगतात. तोंडावर."

"त्यांना माहीत नाही तुम्ही कोण ते."

"सांगायला हवं होतं. पण ते मला इतकं रागावतात. त्यांना कळलं तर रागावणार नाहीत."

"ते म्हणतात, नोकरीत तुमचं मन नाही."

मॅडमनी यावर शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. "काही काही दिवशी नसतं," त्या म्हणाल्या. "आजपासून जाणं बंद करते."

 आपण हो म्हणावं, असं धाकटीला मनापासून वाटलं. पण डोळ्यांसमोर तो चपटा पाव आला आणि त्या पावाच्या दोन्ही बाजूंची दोन माणसं.

"तुमच्या किती वेळा झाल्या?" तिनं विचारलं.

"दोनदा जमलाय. आजचा तिसरा बसला."

"मग आता कसं बंद करता? पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." धाकटीनं कल्चर रूमच्या दाराला पाठ लावली. "तुम्ही भट्टीवर जा, मॅडम. इथं येऊ नका. तिसरी वेळ होईपर्यंत."

"माझी का तुझी?"

"जिची आधी होईल तिची."

अशा रीतीनं त्या खात्याच्या इतिहासात पहिल्यांदाच विद्यार्थिनीनं गाईडला कल्चर रूममधून काढलं. धाकटी स्वतः मात्र व्हायवा होईपर्यंत होस्टेलवरच राहिली, कारण घरी गेली असती तर बाबांना मॅडमचं गुपित सांगावं लागलं असतं. मॅडमचा शिरस्ता मात्र सुटला नाही. कल्चर रूमच्या दाराला एक गोल काच होती. रोज सकाळी त्या काचेवर दोनदा टकटक व्हायची आणि काचेत मॅडमचा चेहरा उगवायचा. धाकटी आतून डिश उचलून काचेला लावून दाखवायची. मॅडम नाक काचेला टेकवून बघायच्या आणि मान हलवायच्या. बाहेरून जाणाऱ्या पोरांना वाटायचं, बाईंना कोणीतरी दवाखान्यात बाळ दाखवतंय.

शेवटच्या कुपीतल्या पेशी वाढल्या. डिशमधलं पाणी गुलाबीच राहिलं. थर एकसंध झाल्यावर धाकटीनं श्वास धरून ओरखडा ओढला आणि मायक्रोस्कोपशी बसली. साध्या पेशी दोन्ही काठांवरून हळूहळू निघाल्या, थोडं पुढे, थोडं थांबून, पुन्हा पुढे, आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात समोरच्यांना जाऊन टेकल्या, जणू मध्ये कधी काही नव्हतंच. प्रथिन काढलेल्या पेशी नेहमीप्रमाणे काकांसारख्या फिरत राहिल्या. तिसऱ्यांदा तेच.

तिनं झाकण उचलून वास घेतला. कसलाच वास नव्हता. प्रयोग यशस्वी झाला होता, आणि तिला घरची इतकी आठवण आली की तिनं मान वर करून छताकडे बघितलं, कारण डिशमध्ये अश्रू पडला तर तेही कंटॅमिनेशनच.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरला होता. बाबा नवा शर्ट घालून आले होते, चार वेळा अंघोळ करून, आणि तरी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते, आपल्यामुळे काही बिघडायला नको म्हणून. आई त्यांच्या शेजारी, आणि आईच्या शेजारी शिंपी, ज्यानं गुडघा आणला होता. कमिटी पुढे बसली होती. मॅडम उठून धाकटीची ओळख करून द्यायला माइकपाशी गेल्या.

"अगं," बाबांचा कुजबुजता आवाज अख्ख्या हॉलनं ऐकला, "या बाई इथं कशा? पाव द्यायला आल्या का?"

"गप्प बसा हो," आई म्हणाली.

"नाही गं, या आपल्या... एप्रन..." आणि मग बाबांना सगळं एकदम कळलं. ते उभे राहिले. गेल्या काही महिन्यांत या बाईंना आपण काय काय म्हणालो, ते त्यांना ओळीनं आठवत असावं. 'डोकं ठिकाणावर ठेवून मळा' इथपर्यंत ते पोचले तेव्हा त्यांचे कान लाल झाले.

मॅडमनी माइकमधूनच सांगितलं, "बसा, मास्तर."

सगळी कमिटी वळून बघायला लागली. मॅडम आयुष्यात कोणाला मास्तर म्हणाल्या नव्हत्या. पुन्हाएकदा सरांना वाटलं, हे कोणीतरी मोठे शास्त्रज्ञ असावेत, आणि त्यांनी उठून बाबांना पुढच्या रांगेत, स्वतःच्या शेजारी आणून बसवलं. बाबा काही न बोलता बसले. त्या गप्प राहण्यानं सरांची खात्रीच पटली.

धाकटी छान बोलली. मोठ्या पडद्यावर तिच्या जखमा भरून आल्या, तिन्ही वेळा. कमिटीनं प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणाली. मग नियमाप्रमाणे विचारण्यात आलं, सभागृहात कोणाला प्रश्न आहे का. बाबांनी हात वर केला. सर सावरून बसले.

"माझा प्रश्न कमिटीला आहे," बाबा उभे राहून म्हणाले. "झालं असेल, तर हिला घरी नेऊ का?"

हॉल हसला. धाकटीनं पडद्याकडे तोंड केलं. सरांनी थोडा वेळ त्या प्रश्नाची खोली शोधली आणि मग सांगितलं, की नियमाप्रमाणे कमिटीला दार लावून विचार करावा लागेल.

दार लागलं. बाहेर बोळात सगळे उभे राहिले. आईनं धाकटीला पदराआड घेतलं, कुणी काही म्हणेल याची वाट न बघता. बाबा मात्र सवयीनं चार हात लांबच उभे होते.

"बाबा, या ना इकडे. सगळ्या डिश झाल्या."

ते आले. त्यांच्या चार अंघोळींच्या खालून तोच वास येत होता.

"एक सांगू?" बाबा हळूच म्हणाले. "तो फोटो पाठवलास ना, तेव्हाच ओळखलं होतं मी. आपलंच होतं. पण परक्यांसमोर घरच्यांना कशी नावं ठेवायची?"

दार उघडलं. सर बाहेर आले, गंभीर चेहऱ्यानं. "डॉक्टर," ते धाकटीला म्हणाले, आणि आईनं बाबांच्या दंडाला चिमटा काढला. "एक दुरुस्ती आहे. तुमचे तीन प्रयत्न बिघडले, ते प्रबंधात आहे. कशानं बिघडले, ते नाही. कारण लिहा. आडपडदा नको."

धाकटीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी बाबांकडे. बाबांनी छताकडे.

"लिहिते," धाकटी म्हणाली.

मग चहा झाला. चहाच्या टेबलावर मॅडमनी पिशवीतून एक पाव काढला, त्याच पहाटे भाजलेला. धाकटीची तिसरी वेळ सुरू असताना त्यांच्या चार-पाच तिसऱ्या वेळा फसल्या होत्या, आणि ही त्यांना बरी वाटत होती. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाबांसमोर धरला. शेजारी कमिटी उभी होती, विद्यार्थी उभे होते. बाबांना घाम फुटला. एकीकडे मुलीची गाईड, दुसरीकडे पाव. त्यांनी पाव उलटा केला. बुडावर टकटक केली, कान लावला. पुन्हा टकटक केली. 

"छान," बाबा म्हणाले, आणि मॅडमचा चेहरा उजळला. "पुन्हा एकदा करा."

पुन्हाएकदा सरांनी चहाचा कप खाली ठेवला. आयुष्यभर ते वाक्य त्यांनी एकट्यानं म्हटलं होतं. त्यांनी पुढे होऊन बाबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुमचं क्षेत्र कोणतं?" त्यांनी आदरानं विचारलं.

"पाव," बाबा म्हणाले.

"अर्थात," सर म्हणाले. ते नंतर कितीतरी दिवस या उत्तरावर विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी आपल्या स्वतःच्या अंथरुणात जागी झाली ती शटरवरच्या आवाजानं. टक टक. बाबा पिठाशी होते, म्हणून तीच जिना उतरून गेली आणि शटर अर्धं वर केलं. बाहेर मॅडम, हातात घडी केलेला निळा एप्रन.

"आत येऊ का?" मॅडमनी विचारलं.

धाकटीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. रात्रभर त्या लॅबमध्ये नव्हत्या ना, कोटाला काही लागलं नव्हतं ना. मग तिचा हात पुढे झाला.

"साखळी इथं काढून ठेवा," ती म्हणाली. "आणि आधी हात धुवा."